माग काढा!

ओढ्यात परातीएवढा काळा डाग होता. चिकट राख, वितळून घट्ट झालेले प्लॅस्टिकचे गोळे आणि त्यात अडकलेल्या केसासारख्या बारीक तांबड्या तारा. उन्हात त्या चमकत होत्या. विहिरीपासून स्टार्टरच्या पेटीपर्यंतची आमची दीडशे फूट केबल तिथं जळून गेली होती. चोरांनी रात्री ती कापली, गुंडाळून ओढ्यात आणली, वरचं आवरण जाळलं आणि आतलं तांबं घेऊन गेले. त्यांच्या हाती लागलं थोडंसं तांबं. आमचं हरभऱ्याचं पाणी गेलं.

शेजारच्या आखाड्यावरचे तात्या राखेत काडी फिरवत म्हणाले, "दीड महिन्यात तिसरी विहीर हाय ही. आधी माझी, मग पांदीच्या खालची, आता तुमची."

"तुम्ही तक्रार दिली होती ना तात्या?"

"दिली की. शिक्का मारून दिला त्यायनी."

बंडीच्या खिशातून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत आधार कार्ड, सातबारा आणि घडी करून ठेवलेला एक कागद. कागदावर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख. ती अर्जाची पोच होती. गुन्हा कुठंच नोंदलेला नव्हता. तात्या तो कागद दीड महिना जपून ठेवत होते. आपली तक्रार झाली, पोलीस शोध घेत असतील, असं समजून.

या आठवड्याचं सदर त्या कागदावर आहे.

*

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत शेतातून काय काय जातं, ते कुठल्याही मोंढ्यात चहाच्या टपरीवर उभं राहून विचारा. मोटार, केबल, स्टार्टर. ठिबकच्या नळ्यांचे बंडल, स्प्रिंकलरचे पाईप. सोलरचं ताट. गोठ्यातली शेळी, दावणीचा बैल. काढून ढीग घातलेलं सोयाबीन. अर्धापूरकडं केळीचे घड, किनवट-माहूरकडं सागवान. बांधावर चंदनाचं झाड असेल तर त्याचा गाभा. कधी अख्खी डीपीच फोडतात, तेल सांडून आतलं तांबं काढून नेतात. मग चोरी एकाची होते आणि अंधार साऱ्या शिवाराला.

शहरातल्या माणसाला ही भुरटी चोरी वाटते. शेतात ती भुरटी नसते. मोटार ऐन पाण्याच्या दिवसांत गेली तर पीक जातं. दुसरी मोटार आणायला उसनवारी, ती बसवायला मिस्त्रीची वाट, तोवर आठ दिवस. फुलोऱ्यातला हरभरा आठ दिवस थांबत नाही. चोराने मोटारीची किंमत नेली असं पंचनाम्यात लिहितात. त्याने हंगाम नेलेला असतो, आणि ते लिहायला पंचनाम्यात रकाना नाही.

*

आता त्या कागदाकडं येऊ. अर्ज आणि एफआयआर यांतला फरक शेतकऱ्याला कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथं सांगतो. अर्जाची पोच म्हणजे तुमचा कागद ठाण्यात पोहोचला, एवढंच. एफआयआर म्हणजे गुन्हा नोंदला गेला, त्याला क्रमांक पडला, कायद्याने तपास सुरू झाला. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. "आधी अर्ज द्या, बघू" या उत्तराला त्या दिवसापासून आधार राहिलेला नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 173 प्रमाणे तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून माघारी पाठवता येत नाही. मोबाइलवरून, ऑनलाइनही देता येते. मग तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळाली पाहिजे. ठाणेदार ऐकत नसेल तर पोलीस अधीक्षकांकडं लेखी जायचं, तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडं. विमा मागायचा असला तरी पोलिसांचा कागद लागतो. इतकं सगळं पुस्तकात आहे. ठाण्याच्या भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत ते लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

त्याच नव्या कायद्यांनी एक दार मात्र बंद केलं, आणि ते नेमकं शेतकऱ्याच्या तोंडावर. पाच हजार रुपयांच्या आतल्या मालाची चोरी आता अदखलपात्र धरली आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. चोर पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत देत असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. पहिल्यांदा घसरलेल्या पोराला तुरुंगात घालू नये, हा विचार मला मान्य आहे. पण तपासच होणार नसेल तर तो पोरगा सापडणार कसा आणि माल परत करणार कोण?

हिशेब करून बघा. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. म्हणजे तुमच्या खळ्यावरून एक क्विंटल सोयाबीन उचलून नेलं, तर सरकारच्याच भावाने ते पाच हजारांच्या आत. अदखलपात्र. पुढच्या वर्षी हमीभाव 5,328 झाला, पण तो मिळतो खरेदी केंद्रावर. दोन एकरांच्या धन्याला एक पोतं म्हणजे काय, ते दिल्लीत पाच हजारांची रेघ ओढणाऱ्याला कळलं नाही. ती रेघ शेतमालापुरती आणि शेतीच्या अवजारांपुरती पुसलीच पाहिजे. लातूरच्या नि नांदेडच्या खासदारांनी संसदेत हा एक प्रश्न जरी विचारला, तरी मोंढ्यात त्यांचं नाव निघेल.

*

शेतात शिरणारा दुसरा घुसखोर चोरापेक्षा हुशार असतो. तो रात्री गाडीने येतो, मोठी बॅटरी, कुत्री आणि जाळी घेऊन. त्याला तुमची मोटार नको असते. त्याला हरीण हवं असतं, ससा हवा असतो, तित्तर हवा असतो.

हे लातूरकरांनी नीट लक्षात घ्यावं. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. मग निलंग्याकडं, अहमदपूरकडं काळविटांचे कळप दिसतात ते राहतात कुठं? माळावर आणि आपल्या शेतात. तुमची तूर हे त्यांचं रान, तुमचा उगवता हरभरा ही त्यांची न्याहारी. इथलं वन्यजीवन सातबाऱ्यावर राहतं. म्हणून शिकारीलाही इथं जंगलात जावं लागत नाही, तुमचा धुरा ओलांडला की झालं.

विलायतेत मोठमोठ्या जमीनदारांची शिकारीची खाजगी रानं असतात. त्यांवर पगारी राखणदार असतात, आणि रानात चोरून शिरलेल्याला पकडणं हे त्यांचं रोजचं काम. आपल्याकडंही राजेरजवाड्यांची अशी रानं होती. आपण ज्या निजामाच्या राज्यात होतो, त्याचं मेदककडचं पोचारम हे शिकारीचं रान. कोल्हापूरच्या छत्रपतींचं दाजीपूर. आज दोन्ही अभयारण्यं आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपवला, आणि ते योग्यच केलं. त्या कायद्याने जाळं लावणं, फासा लावणं, एवढंच काय, शिकारीचा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. ते मारलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. जमीन कुणाचीही असो.

याच कायद्याच्या कलम 39 प्रमाणे शिकार झालेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. आता शेतकऱ्याच्या बाजूने बघा. जमीन त्याची, पेरा त्याचा, बियाण्याचं कर्ज त्याचं. हरणाने पीक खाल्लं तर नुकसान त्याचं, आणि भरपाईसाठी मुदतीत अर्ज, पंचनामा, वनरक्षकाची वाट हेही त्याचंच. हरीण मात्र सरकारचं. मला ही मांडणी मान्य आहे. हरीण कुणा एकाचं असू नये, ते सगळ्यांचं असावं. पण मग सरकारने आपल्या मालमत्तेची राखण तरी करावी. रात्री दोन वाजता शेतात जाळी लावणारे चार जण दिसले, तर एकटा शेतकरी सरकारच्या मालमत्तेसाठी किती वेळ उभा राहील?

बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या बावी गावात 2025 च्या सुरुवातीला एक बाप आणि त्याचा मुलगा उभे राहिले. हरणं पकडायला आपल्या शेतात जाळी लावू नका, असं त्यांनी सांगितलं, म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली, अशी त्यांची तक्रार आहे. या दोघांकडं राज्याचं लक्ष गेलं ते मार्चमध्ये. त्याच प्रकरणातल्या आरोपीचा, भलत्याच एका माणसाला मारतानाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला तेव्हा. मग वनविभागाचा छापा पडला, शिकारीचं साहित्य सापडल्याचं सांगण्यात आलं, आरोपीला प्रयागराजमधून धरून आणलं. दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवील. मला त्या बापलेकाबद्दल बोलायचं आहे. पीक खाणाऱ्या हरणांसाठी ते आडवे गेले. सरकारच्या वतीने त्यांनी राखण केली, आणि त्यांची तक्रार लोकांच्या कानावर जायला भलत्याच एका माणसाच्या मारहाणीचा व्हिडिओ फिरावा लागला. हे सरकारला शोभत नाही.

*

मदतीला कुणी आलं नाही की शेतकरी आपला बंदोबस्त आपणच करतो. तिथं तो चुकतो. हे मी शेतकऱ्याच्या घरात जन्मून लिहितो आहे.

रानडुकरासाठी, चोरासाठी म्हणून धुऱ्यावर तार ओढायची आणि तिच्यात सरळ लाईट सोडायची, ही सवय आपल्या शिवारात मुरली आहे. तारेला चोर कोण आणि भाऊ कोण हे कळत नाही. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला निघालेला शेजारी, कुत्र्यामागं धावलेलं पोर, पहाटे शेण उचलायला गेलेली आई, अशी माणसं त्या तारेवर जातात. मग मोटारीच्या किमतीसाठी ओढलेली तार धन्याला मनुष्यवधाच्या खटल्यात नेते, आणि जो मेला त्याच्या घरचं तोंड आयुष्यभर समोर राहतं. लायसन्स नसलेली ठासणीची बंदूक, डुकरासाठी पिठात कालवलेला बॉम्ब, लोखंडी फासे, हे सगळं त्याच वाटेने जातं.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. स्वतःचा जीव आणि मालमत्ता वाचवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं त्यासाठीच आहेत. चोराला अडवा, धरून ठेवा, आरडाओरडा करा, पोलिसांच्या ताब्यात द्या. पण नुसत्या चोरीसाठी चोराचा जीव घ्यायचा हक्क कुणालाच नाही. तो हक्क मिळतो दरोडा पडला, रात्री घर फोडलं, किंवा आपला जीव जाईल, हातपाय मोडतील अशी खरीखुरी भीती समोर उभी राहिली, अशा मोजक्याच प्रसंगी. पळत्या चोराच्या पाठीवर मारलेली कुऱ्हाड हा बचाव नव्हे.

रानडुक्कर आणि रोही यांचं वेगळं आहे. फार नासधूस होत असेल तर वनविभागाच्या लेखी परवानगीने त्यांना मारण्याची तरतूद आहे. शस्त्र कायद्यात पीक राखणीसाठी बंदुकीच्या परवान्याचीही सोय आहे. पण परवानगी कागदावर, परवान्याची बंदूक गावात एखाददुसरी, आणि डुकरं शेतात पन्नास. ही सोय ज्याने लिहिली त्याने एक रात्र जागलीला येऊन बसावं. येताना सतरंजी आणावी, आखाड्यावर बाज एकच असते.

*

तारेपेक्षा भयंकर एक गोष्ट आहे. ती म्हणजे गर्दी.

2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरकडच्या गावांवर रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, अशी बोंब उठली. गावंच्या गावं काठ्या घेऊन रात्रभर जागली. भीती खोटी नव्हती, कारण चोऱ्या खऱ्या होत्या. पण भ्यालेल्या गर्दीच्या हाती काठी असली की ती समोर येईल त्याच्यावर पडते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. त्यांच्या झोळीत कुणाचं मूल नव्हतं. गर्दीने त्यांना काही विचारायला वेळच दिला नाही.

आपल्या भागात चोरी झाली की पहिलं बोट कुठं जातं, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं. गावकुसाबाहेरच्या पालाकडं. पारधी, कैकाडी, वडार, उचल्या. ओढ्यातली राख अजून गरम असते, तोवर जातीचं नाव ठरलेलं असतं. ही खोड आपली एकट्याची नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात चोर ठरवलं. पाळण्यातल्या पोराच्या कपाळी चोरीचा शिक्का. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. देशाचं स्वातंत्र्य त्यांच्यापर्यंत पाच वर्षं उशिरा पोहोचलं, आणि आपल्या मनातून तो कायदा अजून गेलेला नाही. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' लिहून हा शिक्का कसा बसतो ते जगाला सांगितलं. 1988 साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक आपल्याच जिल्ह्याने वाचायचं बाकी आहे.

उलट राजर्षी शाहू महाराज काय करून गेले बघा. चोर ठरवलेल्या जमातींनी रोज जाऊन हजेरी द्यायची, ही रीत त्यांनी आपल्या संस्थानात 1918 मध्ये बंद केली आणि पारध्यांना पहाऱ्याच्या कामावर नेमलं. ज्यांना चोर म्हणत होते, त्यांच्याच हाती राखण दिली. पाऊल ओळखणं, वास ओळखणं, रान वाचणं ही ज्यांची पिढीजात विद्या, त्यांच्याइतका चांगला राखणदार कोण? शंभर वर्षांपूर्वी एका राजाला सुचलं, ते आपल्या ग्रामपंचायतींना आणि वनविभागाला आज का सुचू नये? हरणं वाचवायची असतील तर त्यांच्या वाटा ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना पगार द्या, गणवेश द्या. शिकारीच्या टोळ्यांत पोटासाठी जाणारी पोरं त्याने मागं येतील.

*

जुन्या गावगाड्यात जागल्या असायचा. चोरी झाली की तो चोराच्या पावलांचा माग काढत निघायचा. माग गावच्या शिवेबाहेर गेला की पुढच्या गावाच्या जागल्याला तिथं आणून दाखवायचा, की हे बघ, तुझ्या हद्दीत गेला. मग जबाबदारी त्या गावाची. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, राबणाऱ्याच्या पदरी फार कमी पडत होतं, ती परत यावी असं मी म्हणणार नाही. पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती. माग कुठंतरी जाऊन थांबायचा आणि तिथं कुणीतरी उत्तर द्यायचा.

आमच्या केबलचा माग ओढ्यातल्या राखेपाशी थांबला. पुढं कुणी गेलंच नाही. खरं तर पुढं जाणं काही अवघड नाही. तांबं कुणी खात नाही. ते विकावं लागतं. रात्री कापलेली केबल दोन दिवसांत कुठल्या तरी भंगारच्या काट्यावर चढते. जळक्या तांब्याचं वेटोळं बघून ते कुठून आलं, हे काट्यावरच्या माणसाला कळतं. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणं हाही गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 317, तीन वर्षांपर्यंत कैद. सगळे भंगारवाले असे नाहीत, बरेचसे कष्टाची भाकरी खातात. म्हणूनच प्रामाणिक माणसाला नोंदवहीचं भय वाटणार नाही. तांबं, मोटार, ठिबकचे पाईप विकत घेताना विकणाऱ्याचं ओळखपत्र, फोटो आणि तारीख लिहून ठेवायची आणि ती वही महिन्यातून एकदा ठाण्याने तपासायची. एवढं केलं तर निम्म्या चोऱ्या गिऱ्हाइकाअभावी थांबतील. हरणाच्या मांसाचंही तेच. खाणारा आहे म्हणून जाळी लागते. जाळीवाल्याला धरता, तसं ज्या ढाब्यावर, ज्या फार्महाउसवर ते ताटात येतं, तिथपर्यंत माग न्या.

हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. 2016 च्या दुष्काळात लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लावलं होतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. मनात आणलं तेव्हा प्रशासनाने थेंबाथेंबाची राखण केली. हेच प्रशासन ऑक्टोबरच्या पंधरा रात्री, सोयाबीन खळ्यावर असताना, रस्त्यांवर गस्त वाढवू शकतं. शेतीला दिवसा लाईट देऊ शकतं, म्हणजे माणूस रात्री पाण्याला जाणार नाही आणि अंधारात हलणारी सावली कुणाची, हा संशयही येणार नाही. पोलीस पाटील गावोगाव आहेत, 1967 चा कायदा आहे. त्यांच्या हाताखाली गावाची गस्त उभी करू शकतं, नाव लिहून, वाटून, शिट्टी आणि बॅटरी देऊन. काठी नको, शिट्टी पुरे.

आणि आपणही चार कामं करू. मोटारीचा नंबर आणि पावती वहीत लिहून ठेवू. केबलवर दर दहा फुटांवर तेलरंगाने आपलं नाव घालू, म्हणजे ती सबंध असताना कुणाच्या हाती सापडली तर ओळखता येईल. रात्री संशय आला तर एकट्याने धावणार नाही, 112 लावू. जाळी, फासा, शिकाऱ्यांची गाडी दिसली तर वनविभागाचा 1926 लावू. गाडीचा नंबर टिपू. तारेत लाईट सोडणार नाही. आणि नाव घेताना माणसाचं घेऊ, जातीचं घेणार नाही.

*

तात्यांच्या पिशवीत अजून ती पोचच आहे. त्यांची मोटारीची, आमची केबलची, दोन्ही तक्रारी घेऊन सोमवारी सकाळी आम्ही दोघं ठाण्यात जाणार आहोत. पांदीच्या खालचे भाऊही येतो म्हणालेत. एफआयआरची प्रत हातात पडल्याशिवाय उठणार नाही. मालाची किंमत पाच हजारांच्या वर आहे, पावत्या आहेत, ओढ्यातल्या राखेचे फोटो आहेत. तुमच्या कपाटात, ट्रंकेत, सातबाऱ्याच्या घडीत असाच शिक्क्याचा कागद पडला असेल, तर तो बाहेर काढा, नीट वाचा, आणि वर एफआयआर क्रमांक नसेल तर तुम्हीही चला.